पाणी न सुटणारी त्झात्झिकी : चक्क्यापासून वाढण्यापर्यंत

त्झात्झिकी, म्हणजे दही, काकडी आणि लसणाचं ग्रीक तोंडीलावणं, पहिल्यांदा केली ती मी कोशिंबीर समजूनच केली. काकडी चोचवली, त्यातल्या त्यात घट्ट दही घेतलं, लसूण ठेचून घातला, मीठ घातलं, आणि सवयीने हात साखरेच्या डब्याकडेही गेला. पाहुणे यायला तासभर अवकाश होता. वाढायला गेले तर भांड्याच्या मधोमध दह्याचं बेट आणि भोवती पांढुरकं तळं! चव वाईट नव्हती. पण ती काकडीची कोशिंबीर होती, आणि तीही पाणी सुटलेली.

आणखी दोन-चारदा फसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. ही कृती मुळात पाणी काढण्याची आहे. दह्यातलं पाणी काढायचं, काकडीतलं काढायचं, आणि नंतर चुकूनही नवं पाणी आत येऊ द्यायचं नाही. हे जमलं की उरलेलं काम दहा मिनिटांचं. दुसरी गोष्ट कळायला जरा जास्त वेळ लागला: नाव काकडीचं होत असलं तरी चव लसणाची आहे. काकडी तिथे गारव्यासाठी आणि दाताखाली काहीतरी यावं म्हणून.

ग्रीसमध्ये हा पदार्थ म्हणजे तोंडीलावणं. तिथल्या तावेर्नात, म्हणजे साध्या घरगुती वळणाच्या खानावळीत, जेवणाच्या सुरुवातीला 'मेझे' म्हणून छोट्या छोट्या बश्या टेबलाच्या मधोमध येतात आणि सगळे त्यातून खातात. त्यातली एक बशी हिची. घट्ट, थंडगार, वर ऑलिव्ह तेल, कधी एखादं काळं ऑलिव्ह. पावाचा तुकडा मोडायचा आणि लावून खायचा. सुव्लाकी म्हणजे सळईवर भाजलेले मांसाचे तुकडे, किंवा पिटा या चपट्या पावात गुंडाळलेला भाजलेल्या मांसाच्या कापांचा यीरोस घेतला तरी सोबत ही असतेच. ताटात डाव्या बाजूला वाटीभर वाढून घ्यायची गोष्ट ती नव्हे. चटणीसारखी थोडीच घ्यायची, कारण ती तेवढी झणझणीत असते.

नावाची एक गंमत सांगते, मग कामाला लागू. तुर्कस्तानात हिच्या बहिणीला 'जाजिक' म्हणतात, आणि ग्रीक नाव त्या तुर्की शब्दावरून आलेलं आहे. तुर्की 'ज' आपल्या 'जीव'मधला. ग्रीक भाषेत तो उच्चारच नाही, म्हणून त्यांनी तिथे आपल्या 'जास्त'मधला ज बसवला आणि 'जाजीकी' केलं, जोर मधल्या 'जी'वर. इंग्रजी स्पेलिंगमधल्या टी आणि झेडमुळे आपण त्झात्झिकी लिहितो आणि बोलताना जिभेला गाठ मारून घेतो. खरं तर मराठी माणसाला दोन्ही ज येतात. वापरत नाही एवढंच.

साहित्य

हे प्रमाण सहा जणांना तोंडीलावणं म्हणून पुरतं.

दही, साय न काढलेल्या दुधाचं : १ किलो (चक्का साधारण ४५० ते ५०० ग्रॅम निघतो)
काकडी : मध्यम २, साधारण ३०० ग्रॅम
लसूण : मोठी पाकळी १, किंवा गावरान लसणाच्या बारक्या ३-४
व्हिनेगर : १ मोठा चमचा, शक्यतो पांढऱ्या वाइनचं
एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल : २ मोठे चमचे, शिवाय वरून घालायला थोडं
शेपू : कोवळी पानं बारीक चिरून १ ते २ मोठे चमचे
मीठ : काकडीला अर्धा लहान चमचा, बाकी चवीनुसार

संपलं. साखर नाही, जिरेपूड नाही, दाण्याचं कूट नाही, कोथिंबीर नाही, फोडणी तर नाहीच. यातलं काहीही घातलंत तर पदार्थ छान होईल, पण तो आपला होईल.

आदल्या रात्री : चक्का

इथे मराठी घराला आयती बढत मिळते. ज्या घरात गुढीपाडव्याला पंचात दही टांगून श्रीखंड होतं, त्या घराला ग्रीक दही शिकवायची गरज नाही. ग्रीसमध्ये याला 'स्त्रांगिस्तो' म्हणतात, म्हणजे निथळलेलं; आणि जुन्या पद्धतीच्या दह्याला 'साकूलास', शब्दशः पिशवीचं. आपली ती टांगणी, त्यांची ती पिशवी.

दही कसलं घ्यायचं यावर थोडं थांबते, कारण अर्धी चव इथेच ठरते. ग्रीसमध्ये मेंढीच्या दुधाचं दही मानाचं. मेंढीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्क्यांच्या घरात आणि प्रथिनंही गायीच्या दुधापेक्षा बरीच जास्त, त्यामुळे दही मुळातच दाट लागतं. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारं दूध म्हणजे म्हशीचं. गायीच्या दुधाचं दही टांगलं तर चालतं, पण चक्का कमी निघतो आणि जिभेवर पातळ वाटतो. पिशवीतलं फुल क्रीम दूध, ज्यात ६ टक्के स्निग्धांश असतो, त्याचं घरी लावलेलं दही यासाठी उत्तम. साय काढून घेतलेल्या दुधाचं दही नको. वजन कमी करायचं असेल तर त्झात्झिकी कमी खा, पातळ दह्याची करू नका.

दही नुकतं नीट लागलेलं हवं. अदमुरं असेल तर टांगल्यावर निम्मं फडक्यातून वाहून जातं, आणि दोन दिवसांचं आंबटढाण असेल तर व्हिनेगर पडल्यावर दात आंबतात.

मोठी चाळणी पातेल्यावर ठेवा, त्यात स्वच्छ धुतलेला, डिटर्जंटचा वास नसलेला पंचा दुहेरी करून अंथरा, दही अलगद ओता, टोकं वर जुळवून सैल गाठ मारा आणि सगळं फ्रिजमध्ये ठेवा. नळाला टांगायची आपली पद्धत थंडीच्या दिवसांत ठीक. मे महिन्यात मुंबईत रात्रभर नळाला टांगलेलं दही सकाळी नुसत्या वासानेच ओळखू येतं. श्रीखंडात तो आंबटपणा साखर झाकून टाकते. इथे झाकायला काही नाही.

आठ तास पुरे. श्रीखंडाला आपण चक्का अगदी कोरडा करतो, वर पाटा ठेवून दाबतोसुद्धा. इथे तेवढं नको. फडकं उघडल्यावर कडेचा चक्का फडक्यापासून सालासारखा सुटावा आणि मधला अजून ओलसर मऊ असावा. चमचाभर घेऊन चमचा उपडा करा: गोळा लगेच पडू नये, क्षणभर विचार करून मग पडावा. दगडासारखा घट्ट झाला असेल तर खाली जमलेलं पाणीच चमचा-चमचा घालून सैल करा. ते पाणी फेकू नका. कढीत, थालीपिठाच्या भाजणीत, कणीक मळताना, कुठेही जातं.

विकतचं ग्रीक योगर्ट घेणार असाल तर डब्याच्या मागचं वाचा. त्यात दूध आणि विरजण एवढंच असावं. साखर, स्टार्च, जिलेटिन दिसलं की डबा परत ठेवा. असल्या डब्यातलं दही चमच्याला घट्ट दिसतं, पण मीठ आणि काकडी पडली की ढिलं होतं. परदेशात राहणाऱ्यांना ही निवड सोपी आहे, तरी तिथेही 'ग्रीक' आणि 'ग्रीक-स्टाइल' हे दोन शब्द वेगळे असतात. ब्रिटनमध्ये यावरून कोर्टकचेरी झाली आहे. फाये या ग्रीक कंपनीने चोबानी या अमेरिकन कंपनीला कोर्टात खेचलं, आणि २०१३ साली लंडनच्या हायकोर्टाने अमेरिकेत बनलेलं दही तिथे 'ग्रीक योगर्ट' म्हणून विकायला बंदी केली. २०१४ साली अपिलातही तोच निकाल टिकला. दह्याच्या डब्यावरच्या एका शब्दासाठी! पण ज्याने नुसतं घट्ट केलेलं दही आणि निथळलेलं दही शेजारी शेजारी चाखलंय, त्याला डब्यावरचा शब्द का वाचायचा ते कळेल. ५ किंवा १० टक्के स्निग्धांशाचं मिळालं तर तेच घ्या. तेही तासभर चाळणीत ठेवलंत तर वाया जाणार नाही, बरंच पाणी अजून निघतं.

काकडी

काकडीत शंभरात पंचाण्णव भाग पाणी असतं. म्हणजे ३०० ग्रॅम काकडी घातली तर आपण पावशेरापेक्षा जास्त पाणीच दह्यात ओतत असतो, फक्त ते हिरव्या कोटात असतं.

लांबट, कोवळी, बारीक बियांची काकडी घ्या. ती नसेल तर नेहमीची हिरवी-पांढरट चालेल, मात्र उभी चिरून मधला बियांचा मऊ भाग चमच्याने खरवडून टाका. कोकणातलं तवसं यासाठी नको. ते धोंडसासाठीच जन्माला आलंय. साल पातळ असेल तर थोडी राहू द्या, पांढऱ्यात हिरवे ठिपके चांगले दिसतात. जाड किंवा मेणचट असेल तर सरळ सोला. आणि काही करायच्या आधी देठाकडचा तुकडा चाखा. कडूपणा देठाजवळ आणि सालीखाली जास्त असतो. टोक कापून घासायची आपली रीत मीही पाळते, पण चाखल्याशिवाय तिच्यावर विसंबत नाही. एका कडू काकडीने अख्खा चक्का वाया गेलेला बघितला आहे.

काकडी चोचवायचा मोह आवरा. चोचवलेल्या काकडीच्या खमंग काकडीला तोड नाही, पण तिचे कण असे काही फुटतात की पिळताना सगळा रसच जातो आणि फडक्यात चोथा उरतो. उलट मोठ्या भोकांच्या किसणीवर, लांब लांब हात मारून किसली की धागे निघतात. पिळल्यावरही ते धागे आपला कुरकुरीतपणा राखून असतात. काही जण किसतच नाहीत, अगदी बारीक चौकोनी चिरतात. तेही छान लागतं, मात्र पाणी काढायला दुप्पट वेळ द्यावा लागतो.

किसावर अर्धा चमचा मीठ भुरभुरा, हाताने एकदा कालवा आणि चाळणीत वीस मिनिटं ठेवा. मीठ पेशींमधलं पाणी बाहेर ओढतं. मग पिळा.

पिळणं या शब्दावर माझा भर आहे. चमच्याने दाबणं म्हणजे पिळणं नव्हे. किस पंचाच्या तुकड्यात घ्या, पुरचुंडी करा आणि धुणं पिळतात तशी पिळा. पहिल्या पिळ्याला धार लागते. दुसऱ्याला थेंब. मग फडकं उघडा, किस बोटांनी मोकळा करा, पुन्हा पुरचुंडी करा आणि तिसरा पिळा. तुम्हाला वाटेल आता काय निघणार, पण निघतं. शेवटी ३०० ग्रॅम काकडीचा मुठीत मावेल एवढा, गर्द हिरवा, ओल्या लोकरीसारखा गोळा हातात येतो आणि खालच्या वाटीत निम्म्याहून जास्त पाणी असतं. मला पहिल्यांदा त्या गोळ्याची दया आली होती. इतकीशी काकडी पुरेल का? पुरते. किस दह्यात गेला की फुलतो.

काकडीचं पाणी खारट असतं. भाजणी भिजवायला वापरलंत तर तिथलं मीठ बेतानेच घाला.

लसूण

इथे रेसिपी लिहिणारे सगळे 'चवीनुसार' म्हणून मोकळे होतात. मी जरा बारकाईने सांगते, कारण त्झात्झिकी बिघडते ती एकतर पाण्याने नाहीतर लसणाने.

लसूण अख्खा असताना त्याला फारसा वास नसतो. पाकळी चिरडली की पेशी फुटतात, आत वेगवेगळी ठेवलेली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि त्यातून तो झोंबणारा पदार्थ, ॲलिसिन, तयार होतो. म्हणजे जितका बारीक वाटाल तितका तिखट. नुसता चिरलेला लसूण सौम्य, किसलेला जहाल, खलबत्त्यात मिठाबरोबर वाटलेला सगळ्यांत जहाल, पण सगळीकडे सारखा पसरणारा. ग्रीक घरात लाकडी खल असतो, त्याला 'गुदी' म्हणतात. लसूण आणि मीठ त्यातच कुटायची जुनी पद्धत. आपला दगडी किंवा पितळी खलबत्ता तेच काम करतो. मी चिमूटभर जाड मीठ घालून वाटते. मिठाच्या कणांमुळे पाकळी निसटत नाही आणि दोन मिनिटांत लोण्यासारखा लगदा होतो. त्यात लसणाचा एकही तुकडा दिसता कामा नये. दाताखाली कच्च्या लसणाचा तुकडा आला की पुढचा घास कशाचाही असो, चव त्याचीच.

पाकळीच्या मधला हिरवा कोंब काढून टाका. तो कडवट असतो.

आता खुबी. लसणाचा झणका कमी हवा असेल तर लगदा होताच त्यावर व्हिनेगर ओता आणि दहा मिनिटं तसाच ठेवा. आम्लामुळे ती तिखट व्हायची क्रिया मंदावते. झणका हवा असेल तर लगदा पाच-दहा मिनिटं उघडा राहू द्या आणि मग व्हिनेगर घाला. तेवढाच लसूण, तेवढंच व्हिनेगर, पण चवीत चांगलाच फरक.

आणि हे लिहून ठेवा: लसूण फ्रिजमध्ये वाढतो. आत्ता 'थोडा अजून चालला असता' असं वाटणारा लसूण उद्या बरोबर असतो, आणि आत्ता बरोबर वाटणारा उद्या डोक्यात जातो. म्हणून अर्धा किलो चक्क्याला एक मोठी पाकळी, इथून सुरुवात करा. ग्रीक माणसं याच्या दुप्पट-तिप्पट घालतात आणि जेवणानंतर कोणाला भेटायचं असेल तर त्झात्झिकीला हात लावत नाहीत.

ज्यांच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असतो त्यांनी हा बेत तेवढे महिने पुढे ढकलावा. लसूण वगळून ही करता येते, पण करू नये. त्या दिवसांत दाण्याचं कूट घातलेली खमंग काकडी काय कमी आहे?

व्हिनेगर, तेल, शेपू

आपल्याकडच्या बहुतेक कृतींत लिंबू लिहिलेलं असतं. ग्रीक घरांत व्हिनेगर जास्त चालतं. लिंबाचा वास वेगळा कळतो, व्हिनेगर दह्याच्या आंबटपणात मिसळून जातं. पांढऱ्या वाइनचं मिळालं तर उत्तम, सफरचंदाचं चालेल. चायनीजच्या गाडीवर मिळतं ते सिंथेटिक व्हिनेगर मात्र नको, त्याचा वास नाकात जातो. ते एकच घरात असेल तर मग लिंबूच पिळा.

ऑलिव्ह तेल एक्स्ट्रा व्हर्जिनच हवं. पोमेस किंवा लाइट लिहिलेल्या बाटल्या तळणासाठी असतात, त्यांना चव नसते. एक काळ असा होता की आपल्या घरांत ऑलिव्ह तेल औषधाच्या दुकानातून यायचं आणि बाळाच्या अंगाला लागायचं. ती बाटली अजून कपाटात असेल तर तिथेच राहू द्या. तेल एक थेंब जिभेवर घेऊन बघा: आधी हिरवट, गवतासारखं, मग घशात किंचित झोंबणारं असेल तर ते कामाचं. जुनं झालेलं तेल शिळ्या शेंगदाण्यासारखं लागतं.

आणि शेपू. हो, तोच. मुलं ज्याच्या भाजीच्या नुसत्या नावाने ताटावरून उठतात आणि ज्याची ढेकर संध्याकाळपर्यंत साथ देते. ग्रीक लोक त्याला 'आनिथो' म्हणतात. त्यांचा शेपू आपल्यापेक्षा जरा सौम्य असतो, म्हणून आपली जुडी वापरताना हात आखडता घ्या. फक्त कोवळी, केसांसारखी पानं घ्या, देठ एकही नको. कच्चा शेपू आणि शिजलेला शेपू यांचा स्वभाव इतका वेगळा आहे की आमच्याकडे शेपूचे दोन कट्टर शत्रू ही त्झात्झिकी पुसून खातात. त्यांना आत काय आहे ते मी सांगितलेलं नाही. पानं धुतल्यावर फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करा, नाहीतर इतका वेळ काढलेलं पाणी मागच्या दाराने परत येईल.

ग्रीसमध्येही सगळे शेपू घालतात असं नाही. काही पुदिना घालतात, काही काहीच घालत नाहीत, आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते. पुरणपोळीसोबत कटाची आमटी की दूध, तसलाच वाद.

एकत्र करणं

मिक्सर, हँड ब्लेंडर, रवी, सगळं दूर ठेवा. चक्का घुसळला की त्याची बसलेली घडी मोडते आणि तो पातळ होतो, आणि एकदा पातळ झाला की परत घट्ट होत नाही. लाकडी चमचा आणि खोलगट भांडं, बस्स.

आधी नुसता चक्का चमच्याने कडेला दाबत मऊ करा. त्यात गाठी वाटल्या तर चाळणीतून घासून घ्या, पुरणयंत्रातून काढायची गरज नाही. मग लसूण-व्हिनेगर घालून हलवा. आता तेल, पण एकदम नाही. चमचाभर घालायचं, ते पूर्ण जिरेपर्यंत एकाच दिशेने सावकाश फिरवायचं, मग पुढचा चमचा. तेल असं जिरलं की चक्क्याला एक तकाकी येते आणि तो रेशमासारखा मऊ होतो. सगळं तेल एकदम ओतलं तर ते वर तरंगत राहतं आणि खाताना तेलकट लागतं.

त्यानंतर काकडीचा गोळा बोटांनी पूर्ण मोकळा करून घाला, आणि शेपू. वरखाली हलवून एकजीव करा. आता चाखा. काकडीला मीठ लागलेलं आहे, लसणातही होतं, म्हणून बहुधा आणखी लागत नाही. तरी अळणी वाटली तर दोन चिमटी, त्याहून जास्त नाही. मीठ जास्त झालं की ते उरलंसुरलं पाणी काकडीतून ओढत राहतं आणि पुन्हा तळं.

झाकण ठेवून फ्रिजमध्ये किमान दोन तास. हा वेळ गाळू नका. ताजी कालवलेली त्झात्झिकी चाखलीत तर दही वेगळं, लसूण वेगळा, शेपू वेगळा लागतो. दोन तासांनी ते एकमेकांशी बोलायला लागलेले असतात. सकाळी करून संध्याकाळी वाढणं सगळ्यांत चांगलं.

बिघडलीच तर

वर पाणी आलं असेल तर हलवू नका. भांडं तिरकं करून ते ओतून टाका, मग एखादा चमचा चक्का मिसळा. अशा वेळेसाठी मी थोडा चक्का नेहमी बाजूला काढून ठेवते.

लसूण जास्त झाला तर एकच उपाय, दही वाढवणं. साखर घालून लसूण दबत नाही, गोड लसूण तयार होतो. फार आंबट झाली तर दोन चमचे ताजी साय फेटून मिसळा. ही युक्ती ग्रीक नव्हे, घरची आहे, पण लागू पडते.

वाढताना

पसरट बशीत काढा, खोल वाटीत नको. चमच्याच्या पाठीने गोल फिरवत खळगा करा आणि त्यात तेलाची धार सोडा. वर एखादं काळं ऑलिव्ह किंवा शेपूची काडी. बर्फासारखी गार असावी आणि शेजारी काहीतरी गरम असावं. तिथे झुकिनी आणि वांग्याच्या पातळ चकत्या पिठात घोळवून तळतात आणि कढईतून काढल्या काढल्या हिच्यात बुडवतात. गरम कुरकुरीत चकती, थंड दही, आणि मागाहून येणारा लसूण. 'केफ्तेदेस' म्हणजे खिम्याचे तळलेले वडे, भाजलेल्या कोकराच्या फासळ्या, तळलेली मासळी, नुसते बटाट्याचे तळलेले काप, सगळ्यांशी जमतं. आपल्या घरात वांग्याचे काप होतातच. रव्यात घोळवलेले, तव्यावरून उतरवलेले काप आणि ही बशी शेजारी ठेवून बघा.

पाव मात्र चांगला भाजलेला, जाड कापाचा हवा. स्लाइस ब्रेड हिच्या वजनाने वाकतो.

उन्हाळ्यात बशी टेबलावर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका. कच्चा लसूण आणि दही यांना गरमी मानवत नाही. थोडी थोडी काढा आणि बाकी फ्रिजमध्येच असू द्या. घट्ट झाकणाच्या काचेच्या डब्यात दोन-तीन दिवस टिकते. प्लास्टिकच्या डब्याला लागलेला लसणाचा वास पुढे तुमच्या शिऱ्यालाही लागेल. फ्रीझरमध्ये ठेवू नका, वितळल्यावर दही फाटल्यासारखं होतं.

शेजाऱ्यांच्या तऱ्हा

एकदा हात बसला की हिच्या बहिणीही करून बघण्यासारख्या आहेत. सायप्रसमध्ये हिला 'तालातूरी' म्हणतात, तिथे पुदिना लागतो आणि लसूण कमी. बल्गेरियाचं 'ताराटोर' हे चक्क गार सूप आहे. दही, पाणी, काकडी, लसूण, शेपू आणि कुटलेले अक्रोड. इराणच्या 'मास्त-ओ-खियार'मध्ये अक्रोड आणि मनुका पडतात, सुकवलेला पुदिना असतो, आणि तिथे पोहोचलं की आपल्या कोशिंबिरीचं अंगण दिसायला लागतं.

तुर्की जाजिक बहुतेक वेळा मुद्दाम पातळ करतात आणि चमच्याने खातात. म्हणून तिसऱ्या दिवशी डब्याच्या तळाशी चार चमचे त्झात्झिकी उरली असेल आणि तिला पाणी सुटलं असेल, तर ओतू नका. त्यात वाटीभर बर्फाचं पाणी घाला, चिमूटभर मीठ, हातावर चुरडलेला वाळका पुदिना, वरून दोन थेंब तेल, आणि भाताच्या पहिल्या घासाआधी ती वाटी तोंडाला लावा.